आईंच्या वाट्याच्या उठाबशा

सोमवार, ३ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. घ्यायचा की नाही ते तुमच्या मनावर. तुमचा फोन लागतो, वाजतो आणि वाजून वाजून गप्प होतो, म्हणून कागद घेतला. शिवाय फोनवर बोललं की आतल्या पलंगापर्यंत ऐकू जातं, आणि आईंचे कान अजून शाबूत आहेत.

कळवायचं ते एवढंच, की आईंच्या छातीत कफ होऊन ताप चढला होता. आठवडाभर दवाखान्यात ठेवावं लागलं. आता घरी आणलं आहे. ताप उतरला, खोकला गेल्यात जमा आहे. तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं हे मला मान्य. पण हे म्हणाले, "ती येईल, तुम्हा दोघींची जुंपेल, आणि मग आईला बघू की तुम्हाला सोडवू?" तुमच्या भावाचा स्वभाव तुम्हाला नवा नाही.

दवाखान्यात रात्रंदिवस मीच होते. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "आजी, लेक फार करते हो तुमचं." आई म्हणाल्या, "लेक नाही, सून." त्या बघतच राहिल्या. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. दीड वर्षापूर्वी तुम्ही जे बोलून गेलात, त्यासाठी लिहिते. "माझ्या आईची बाहुली करून ठेवलीस. भरवतेस काय, पुसतेस काय, पाण्याचा पेला म्हणून उचलू देत नाहीस." मीही काही मागे राहिले नाही. "करायला नको, तोंड चालवायला बरं येतं," असं म्हटलं. ते मी म्हणायला नको होतं. पण तुम्हीही म्हणायला नको होतं. देव दोघींचं ऐकत असतो.

मी सेवा केली. सेवेत चूक काढता येते, हे मला अजून पटलेलं नाही.

आईंना जरा अशक्तपणा आहे, बाकी काळजीचं कारण नाही. डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंना घरी पाठवायचं ठरवलं आहे. कशाला ते त्यांनाच ठाऊक. ऐंशीला टेकलेल्या माणसानं विश्रांती घ्यावी की कसरत करावी? पण डॉक्टरांच्या शब्दाबाहेर कसं जायचं.

उत्तर पाठवाच असं म्हणत नाही.

तुमची भावजय


शनिवार, १५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीनच शब्द: "आई चालते का?" बाकीची जागा कोरी. कोरी जागा वाया गेलेली बघून माझ्या जिवाची किती तगमग होते हे तुम्हाला माहीत आहे. मुद्दाम तर नाही ना केलंत?

नाही. चालत नाहीत. उभ्याही राहत नाहीत. मागच्या पत्रात "जरा अशक्तपणा" लिहिलं होतं. तेव्हा पेन घुटमळलं होतं, मी दामटून पुढे नेलं.

व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. वयानं तरुण, पायात बूट, पाठीला पिशवी, आणि आवाज असा की शेजारच्या घरातल्यांनीही उठून बसावं. आधी आईंना म्हणाल्या, माझी दोन बोटं घट्ट दाबा. आईंनी दाबली. "दाबा, आजी." "दाबलीत की!" आई म्हणाल्या. मग बाईंनी टेप काढून पोटरी मोजली. मग आईंना खुर्चीत बसवलं.

"आजी, हातांची घडी छातीवर घाला आणि उठा बघू."

आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पुढे झाले.

"तुम्ही नाही. आजी."

आईंनी परत माझ्याकडेच बघितलं. "अगं, ही काय म्हणते?"

"उठा म्हणतात, आई."

"मग उठव ना."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "दवाखान्यात जायच्या आधी, कुणीही हात न देता, आजी शेवटच्या कधी उठल्या होत्या?"

वन्सं, मला घरातलं सगळं आठवतं. कुठली वस्तू कधी आणली, किती दिवस पुरली, कुणाकडे काय उसनं गेलं, सगळं तोंडपाठ. हे मात्र काही केल्या आठवेना. मी म्हटलं, "आधी सगळं स्वतः करत होत्या." आई छताकडे बघत राहिल्या.

बाईंनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण तुमच्या तीन शब्दांचं उत्तर त्यातच आहे. त्या म्हणाल्या, शरीर बिनकामाचा स्नायू पोसत नाही, झिजवून टाकतं. तरुण माणूस आठवडाभर अंथरुणात राहिला तर थोड्या दिवसांत भरून काढतो. या वयात आठवड्यात गेलेलं यायला महिने लागतात, आणि मागितल्याशिवाय येतच नाही. "आजींची मुळात शिल्लकच कमी होती. तापानं आणि पलंगानं तीही काढून नेली." शिल्लक म्हटल्यावर मला कळलं. तोवर मी नुसती मान हलवत होते.

आता काय करायचं? दिवसातून तीनदा, खुर्चीत बसून उठायचं आणि परत बसायचं. जमेल तेवढं, पण स्वतःच्या पायांनी. पाय थरथरले तरी चालेल. मागे भिंत, पुढे टेबल, आणि मी बाजूला उभी. "हात लावायचा नाही," हे बाईंनी मला जाताना परत एकदा सांगितलं, मी जणू लहान मूल होते. महिन्यानं येऊन त्या परत मोजणार. तोपर्यंत आई एकदा जरी हाताशिवाय उठल्या तर पुढचं हळूहळू जमेल म्हणाल्या. नाही उठल्या तर पलंग धरतील. पलंग धरला की पाठीला जखमा, परत छातीत कफ, परत दवाखाना. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मग खाण्याचं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, अगदी हलकं देते. सकाळी चहात बुडवलेला पाव, दुपारी मऊ भात, रात्री पातळ सूप. चावायचा त्रास नको.

"डाळ? अंडी? दूध?"

"दूध सकाळी चहापुरतं. संध्याकाळचं बंद केलं. अर्धं उरायचं, टाकवायचं नाही."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि ते वहीत लिहून घेतलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. आता दूध परत सुरू केलं आहे. दुपारी दाट डाळ आणि एक अंडंही देते. आई कुरकुरत का होईना, खातात.

बाई जिना उतरल्या नसतील तोच आई म्हणाल्या, "हवालदारीण आहे मेली. उठा, बसा, उठा, बसा. मी काय चोरी केली?" तेव्हापासून त्यांचं नाव आमच्या घरात हवालदारीणच पडलं आहे.

आई उठतील. मी मनावर घेतलं आहे.

तुमची भावजय


गुरुवार, १३ मार्च

वन्सं,

घाईत लिहिते. हवालदारीणबाई येऊन मोजून गेल्या. पोटरी आधीपेक्षा बारीक भरली. बोटं दाबण्याची ताकदही कमी. खुर्चीतून उठणं तर नावालाही नाही. बाई चक्रावल्या. म्हणाल्या, महिनाभर तिन्ही वेळा व्यायाम करून, खाणं सुधारून असं होत नाही. आत दुसरं काहीतरी दुखणं असलं पाहिजे. त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला.

आता तपासण्या चालू आहेत. काल आईंचं रक्त काढलं. शीर सापडेना, तीन ठिकाणी टोचलं, हात काळानिळा झाला. उद्या यंत्रात घालून पोटाचे आणि छातीचे फोटो काढायचे आहेत. हे कारखान्यातून आले ते बूटही न काढता खुर्चीत बसून राहिले. "गाठ असेल का गं?" एवढंच म्हणाले. मी देवापुढे बसले, पण जप होईना.

तुम्हाला कुणी काही विचारलं तर सांगा, की बाईंनी सांगितलेल्या उठाबशा या घरात एकही दिवस चुकल्या नाहीत. तिन्ही वेळा. देवाच्या साक्षीनं सांगते, चुकल्या नाहीत.

इथे तीन ओळी खोडल्या आहेत. उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नका, शाई ओली असतानाच मी वरून बोट फिरवलं आहे.

तुमची भावजय


शनिवार, १५ मार्च

वन्सं,

परवा खोडलं ते आज सरळ लिहिते. उठाबशा आईंनी काढल्या नाहीत. मी काढल्या.

बाई पहिल्यांदा येऊन गेल्या त्या दुसऱ्याच सकाळी मी आईंना खुर्चीत बसवलं. मागे भिंत, पुढे टेबल, सगळं सांगितल्याप्रमाणे. आई चारेक बोटं वर उचलल्या गेल्या आणि पाय असे लटपटायला लागले की खुर्चीसुद्धा वाजायला लागली. धपकन बसल्या आणि रडायला लागल्या. "माझे हाल का करतेस? मी तुझं काय वाकडं केलं?" त्यांच्या डोळ्यांत बघायचं माझं धाडस झालं नाही. मी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं, पांघरूण घातलं आणि देवापुढे जाऊन उभी राहिले.

तिथे माझ्या डोक्यात आलं. यांना मागे पोटाचं दुखणं झालं होतं, तेव्हा मी यांच्यासाठी उपास धरले होते. गुण आला होता. दुसऱ्याच्या नावानं उपास पोचतो, प्रार्थना पोचते, मग हे का पोचू नये? मी खुर्ची देवासमोर ओढली, आईंचं नाव घेतलं आणि उठाबशा काढायला लागले. हसू नका. किंवा हसा, मला काही म्हणायची सोय राहिलेली नाही.

"काय चाललंय गं?" आईंनी पलंगावरून विचारलं.

"तुमच्या उठाबशा."

आई दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "करतेस तर नीट कर. टेकतेयस कशाला? पूर्ण बस. ही आठवी नाही, सातवी. मला फसव, त्याला तरी फसवू नकोस."

मग ते रोजचंच झालं. मी उठायची, आई मोजायच्या, मला धाप लागली की खूश व्हायच्या. "एवढ्यात दमलीस? माझ्या वयात काय करशील?" खरं सांगते, वन्सं, या घरात एवढं हसू बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. माझे गुडघे पूर्वी जिना चढताना बोलायचे, ते बोलायचे बंद झाले. आईंचे पाय मात्र पांघरुणाखाली होते तसेच.

बाई मधूनमधून फोन करायच्या. "झाला का व्यायाम?" मी "झाला" म्हणायची. पहिल्या दोन फोनांना मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा मात्र फोन वाजला तेव्हा मी तो घेऊन मोरीत गेले आणि दार लोटून घेतलं. म्हणजे तेव्हा मला कळलं होतं. भोळेपणाच्या नावावर मी फार तर पहिले दोन फोन घालू शकते.

मोजायच्या दिवशी बाईंनी विचारलं, "आजी, रोज करता ना?" आई पापणी न हलवता म्हणाल्या, "रोज. तिन्ही वेळा. विचार हिला." माझ्यासाठी खोटं बोलल्या. पुढच्या सुया त्या एका खोट्यानं ओढवून घेतल्या.

काल फोटो काढायच्या खोलीत त्यांना थंडगार फळीवर निजवलं होतं. अंगावर दवाखान्याचा पातळ झगा. रक्त काढून काळानिळा झालेला हात पोटावर. मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "हेपण माझ्या वाट्याचं तूच करून टाक ना गं." थट्टाच केली. पण त्यांची हनुवटी कापत होती, ती थंडीनं नव्हती.

मी तिथून बाहेर आले आणि डॉक्टरांना सांगितलं. व्यायामाच्या बाईही शेजारी उभ्या होत्या. डॉक्टर काही लिहीत होते ते थांबले. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ओरडतील. बाईंनी एवढंच विचारलं, "का केलंत?"

"त्यांची दया आली."

"कुणाची?"

मी म्हटलं, आईंची, आणखी कुणाची? घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या डोक्यातून हलला नाही. त्यांना दिलं नाही ते उत्तर तुम्हाला देते, कारण तुम्ही दीड वर्षापूर्वीच ते ओळखलं होतं.

मी आईंना भरवायची ना, ते खिडकीशी खुर्ची ओढून. बाहेरच्या गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. उजेड बरा येतो, असं स्वतःला सांगायची. समोरच्या काकू थांबायच्या, म्हणायच्या, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." मी मान खाली घालून पुढचा घास उचलायची. घास जरा सावकाशच उचलायची.

आणि दुसरं. आई हिंडत्या होत्या तेव्हा माझ्या प्रत्येक भांड्याचं झाकण उघडून बघायच्या. मीठ कमी, पाणी जास्त, आच मोठी. या घरात येऊन मला वीस वर्षं झाली, पण चूल त्यांचीच होती. मग त्यांचे गुडघे दुखायला लागले आणि मी म्हणायला लागले, "राहू द्या आई, मी करते." भाजी निवडू नका, मी करते. कपड्यांच्या घड्या राहू द्या, मी करते. पेला उचलू नका, मी देते. एकेक काम त्यांच्या हातातून काढून घेतलं, आणि त्याबरोबर एकेक झाकण माझं झालं. त्यात प्रेम किती आणि सोय किती, हे मी काल रात्रभर मांडून बघितलं. हिशेब लागत नाही. मला हिशेब लागत नाही म्हणजे काय, ते तुम्ही जाणता.

त्यांच्या अंगातल्या कपड्यांच्या बाह्या मी वर्षभरात दोनदा आत घेतल्या. ढगळ दिसतात म्हणून. दंड बारीक झाले हे सुई चालवताना माझ्या बोटांना कळत होतं. उरलेल्या कापडाची मी फडकी केली आणि कापड फुकट गेलं नाही म्हणून समाधान मानलं.

फोटोंत काही वाईट निघालं नाही. ही एक त्या दयाळूची कृपा. दुखणं नाही, फक्त झीज आहे. बाईंनी आणखी एक महिना दिला आहे, पण म्हणाल्या, आता वेळ हातात कमी आहे, गेलेला महिना उलट्या बाजूला गेला. त्यांनी एक अट घातली. व्यायामाच्या वेळी मी घरात दिसता कामा नये. "तुम्ही समोर दिसलात की आजींचे पाय जातात. आणि तुमचे हात पुढे येतात. दोघींचाही दोष नाही, सवय आहे." दोष नाही असं त्या म्हणाल्या. चांगल्या घरच्या आहेत.

"दुसरं कुणी आहे का?" हे पाळीवर असतात, त्यांची वेळ ठरलेली नाही. आणि आईंना रडताना बघून ते माझ्याआधी पळतील. मी म्हटलं, "आहे एक जण. पण तिनं इथं परत पाऊल टाकू नये असं मी वागले आहे." बाई म्हणाल्या, "मग तसं लिहून कळवा."

तसं लिहून कळवते आहे. रजा मिळत असेल तर या. मला जे बोलायचं असेल ते बोला, आईंच्या समोर बोललात तरी चालेल.

आईंना सांगितलं. "ती येईल?" म्हणाल्या. बोलावलंय म्हटलं. तर म्हणाल्या, "आल्या आल्या भांडू नका म्हणजे झालं. मध्ये पडायला मला उठता येत नाही."

वाट बघते.

तुमची भावजय


बुधवार, १६ एप्रिल

वन्सं,

तुम्ही आत आहात आणि मी जिन्याच्या पायरीवर. मधे एक बंद दार. पत्र लिहायला एवढं अंतर पुरेसं आहे.

तुम्ही आलात त्या दिवशी मला फक्त "पाणी दे" म्हणालात आणि पुढचे दोन दिवस तेवढंसुद्धा नाही. मला वाटलं होतं, बोलाल, चार शिव्या द्याल, मोकळं होईल. तुम्ही आईंच्या खुर्चीवर जाड सतरंजीची घडी घालून ती उंच केलीत आणि मला बोटानं दार दाखवलंत. तेव्हापासून दिवसातून तीनदा मी बाहेर.

पहिल्या दिवशी समोरच्या काकूंनी विचारलं, "काय गं, इथं का बसलीस?" मी म्हटलं, "हवेला." दुसऱ्या दिवशीही हवेलाच. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "नणंद आली म्हणून बाहेर काढलं की काय तुला?" मी म्हटलं, "हो काकू, काढलं. आई माझ्यासमोर उठत नाहीत, म्हणून काढलं." त्यांना पुढचं ऐकायचं होतं. मी पुढचंही सांगितलं. उठाबशांपर्यंत सगळं. काकू हसता हसता थांबल्या. आता जाता येता माझ्याकडे बघतात, पण भाग्याचं काही काढत नाहीत.

आतून आईंचं रडणं ऐकलं. "तू माझी लेक नाहीस, वैरीण आहेस," हेही ऐकलं. तुम्ही म्हणालात, "असू दे. वैरिणीसाठी एकदा उठ." मी कानांवर हात ठेवले होते, पण बोटांमधून ऐकू येतं. मला तसं कधीच म्हणता आलं नसतं. कुणी मला वैरीण म्हणू नये यासाठीच तर सगळं केलं.

गेल्या आठवड्यात आई पहिल्यांदा हाताशिवाय उठल्या आणि परवापासून काठी धरून चार पावलं टाकतात, ते तुम्ही मला भांडी घासताना सांगितलंत, भिंतीकडे बघत. मी पाहिलं नाही. वीस वर्षांत आईंचं काही माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं, आणि हे सुटलं. बरोबरच झालं. मी असते तर झालंच नसतं.

पण कागद घेतला तो यासाठी नाही. काल दुपारी तुम्ही अंघोळीला गेला होतात. आईंनी टेबलावरच्या पेल्याकडे बघितलं, आणि माझा हात गेला. मला कळायच्या आत गेला. पेला त्यांच्या तोंडाशी नेला तर आईंनी मान फिरवली. "ठेव तिथं. मी घेईन." मग दोन्ही हातांनी उचलून प्यायल्या. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं. पुसायला मी पदर उचलला, तर तोही नको म्हणाल्या.

मला राग आला, वन्सं. आनंद व्हायला हवा होता आणि राग आला. मी स्वयंपाकघरात जाऊन सगळी झाकणं एकेक उचलून परत ठेवली. बाहेर बसवलं म्हणून मी सुधारले असं तुम्हाला वाटत असेल, तर वाटून घेऊ नका. रात्री देवापुढे हात जोडले, पण हे त्याला सांगण्याआधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तोंडावर सांगायची माझी छाती नाही. भांडी घासताना तुम्ही भिंतीकडे बघता तशी मी कागदाकडे बघते आहे.

तुमची रजा संपली की काय होईल याची मला धास्ती आहे. आईंची नाही, माझी. तुम्ही गेल्यावर माझे हात कोण धरणार? जाण्याआधी मला ते शिकवून जा. आईंना खुर्चीतून उठायला शिकवलंत तसंच, थोडंथोडं, तीन वेळा.

मघाशी आत खुर्ची सरकली आणि काहीतरी धाडकन पडलं. मी उठले होते. चार पायऱ्या चढून दाराशी पोचले होते. आईंचा आवाज आला, "बाहेर तीच असेल कान लावून. सांग तिला, मी पडले नाही, काठी पडली." तुम्ही हसलात. तुमचं हसू ऐकून किती दिवस झाले. मी परत खाली येऊन बसले.

आता बराच वेळ काही ऐकू येत नाही. काकू वरून डोकावून गेल्या. जिन्यातला उजेड कमी होतोय, त्यामुळे अक्षर वाकडं आलं तर माफ करा.

कुणीतरी आतून कडीशी खटपट करतंय. काढतंय, सुटतेय, परत धरतंय. रोज वेळ झाली की तुम्ही ती एका झटक्यात ओढता. मी जागची हललेले नाही. परत वाजली. वन्सं, तुमच्या हाताला इतका वेळ लागत नाही.